हवालदार नानांची पंगत

फटाका वाजला की आमचे शेजारी हवालदार नाना मांडे वाढतात. ताट नाही, मांडे भाजायचं खापर नाही, नुसतं तोंडानं! मागच्या महिन्यात इतवाऱ्याच्या बाजारातून वरात चालली होती. लड कडाडली आणि नानांनी भर रस्त्यात माझा दंड धरला. "मी मांडे वाढले! आता तुझी पाळी, जल्दी!"

मी गडबडून म्हणालो, "चहा."

"अरे येड्या, चहा दिला की पंगत उठते!"

ही पंगत नानांच्या फौजेतल्या दिवसांची, सरहद्दीवरच्या खंदकातली. तोफगोळे पडू लागले की सहा-सात जवान चिखलात चिकटून बसायचे आणि प्रत्येक धमाक्यानंतर एकेकानं आपल्या गावचा पदार्थ वाढायचा. गोळे थांबेपर्यंत जेवण संपवायचं नाही. जो गप्प बसला तो घाबरला. शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसायचं. केरळचा एक जवान दर खेपेला मासाच वाढायचा. नाना पक्के माळकरी, तरी म्हणतात, "खाल्ला मी! हवेतल्या माशाले काटे थोडेच असतात?"

"भीती वाटायची, नाना?"

"हातपाय लटलटायचे, भाऊ! म्हणून तर तोंड चालू ठेवायचं."

मी या पंगतीची भरपूर टिंगल केली आहे.

गेल्या आठवड्यात नानांचा नातू विशाल, फौजेत नवाच भरती झालेला, पहिल्यांदाच सरहद्दीवर निघाला. त्याचे आईबाप लहानपणीच गेले. नानांनी त्याला एकट्यानं वाढवलं. घरात दोघंच.

स्टेशनवर सारी गल्ली लोटली! ढोल, हार, पेढे! नाना कडक इस्त्रीच्या शर्टावर पदकं लावून सगळ्यांच्या पुढे. गाडी हलली आणि कुंपणाबाहेर कुणीतरी लड पेटवली.

"मांडे!" नाना गरजले.

"भरीत!" विशाल दारातून ओरडला.

"शेवभाजी!"

"आमरस!"

नाना गाडीबरोबर चालू लागले, मग चक्क धावू लागले. अख्खा फलाट टाळ्या पिटत होता, मीही बेभान ओरडत होतो. शेवटचा डबा गेला. फटाके संपले, ढोलवाले चहाला गेले.

नाना थांबेनात. "कळण्याची भाकरी... ठेचा... तूप..."

मी त्यांना धरून बाकावर बसवलं. बसूनही ते पुटपुटत वाढतच होते. केलेल्या टिंगलीची मला लाज वाटली.

"चला नाना, आज आमच्याकडे जेवा."

"भूक नाही रे," रिकाम्या रुळांकडे बघत ते म्हणाले. "खंदकात एवढं भ्या नव्हतं वाटलं मले. तिथं गोळे माझ्यावर पडत होते ना."