शंभराव्या दानाचा खोका

मार्नी कोवालचुक सकाळपासून फोन खाली ठेवत नव्हती. शेजाऱ्यांच्या फुकट देवाणघेवाणीच्या गटात तिची नव्याण्णव दानं झाली होती आणि पलीकडच्या गल्लीतल्या ग्वेनचीही नव्याण्णव. जी आधी शंभरी गाठेल तिच्या नावापुढे सोनेरी बदाम झळकणार होता. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये म्हणतात. आमच्या कॅनडातल्या विनिपेगमध्ये मात्र ते गटातल्या चारशे माणसांना कळलं नाही तर केल्यासारखंच वाटत नाही.

तिनं नवऱ्याचे जुने स्केट्स खोक्यात भरले, खोका दाराबाहेरच्या व्हरांड्यात ठेवला आणि लिहिलं, ‘गंमतखोका! आत काय ते सांगणार नाही. घंटी न वाजवता उचलून न्या.’ मग ती बाजारात गेली.

तीन वाजता परतली तर खोका गेलेला. रुबेन नावाच्या कुणीतरी ‘नेला’ असं लिहिलेलं, आणि तिच्या नावापुढे सोनेरी बदाम. तरंगतच ती तळघरात उतरली. तिथं तिचा नवरा टेड स्केट्स पुसत बसला होता.

“हे इथं कसे?”

“माझे आहेत म्हणून. तू गेल्यागेल्या आत आणले.”

“मग रुबेननं काय नेलं?”

टेडचा हात थांबला. “दुपारी आई खोका ठेवून गेली. पेरोगीचा. फ्रीजमध्ये जागा नव्हती, बाहेर उणे सत्तावीस. म्हटलं, राहू दे व्हरांड्यात.”

मार्नी पायरीवरच बसली. आज सहा जानेवारी, या युक्रेनी घराच्या जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळची पूर्वसंध्या. पहिली चांदणी दिसली की बारा पदार्थांचं जेवण, त्यात मानाच्या या पेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्याच. सासूबाईंनी, स्टेफानियांनी, दोन दिवस कंबर मोडून बटाट्याचं सारण भरून दीडशे केल्या होत्या. पाच वाजता त्या चौदा पाहुण्यांसह येणार होत्या. अकरा पदार्थ मांडणं म्हणजे या घरात पाप.

तिनं घाईघाईनं रुबेनला लिहिलं, ‘खोका चुकून गेला. कृपया परत द्या.’ पाठवणार तोच त्याचा फोटो आला. बर्फ उपसणाऱ्या गाडीवरचे नऊ जण रिकाम्या ताटल्या घेऊन हसत होते. खाली मजकूर: ‘वीस वर्षं तुमचे रस्ते मोकळे करतोय. शिव्या पुष्कळ मिळाल्या, पेरोगी पहिल्यांदा मिळाल्या. मार्नीबाई, देव तुमचं भलं करो.’

बघता बघता दोनशे लाल बदाम जमले.

“खरं सांगून टाक,” टेड म्हणाला.

“त्या नऊ जणांना काय सांगू? ओकून द्या म्हणू?”

“आईला सांग म्हणतोय.”

“ते तूच सांग. तुझी आई आहे.”

पाचच्या ठोक्याला स्टेफानिया आत आल्या. कोट काढायच्या आधी विचारलं, “पाणी उकळत ठेवलंस का गं?”

टेड खिडकीतून चांदणी शोधू लागला. मार्नीनं मान खाली घालून सगळं सांगितलं आणि पुरावा म्हणून फोन पुढे केला. तिला खरंच रडू येत होतं. सासूबाईंनी चष्मा लावला. बराच वेळ त्या वाचत राहिल्या.

“मार्नीबाई?” शेवटी त्या म्हणाल्या. “इथं माझं नाव कुठाय?”

“आई, मी आत्ता घालते.”

“घाल. आणि ही ग्वेन कोण? म्हणते, सारणात कांदा कमी वाटतो. फोटोवरून हिला कांदा कळला?”

मार्नीनं नाव घातलं. गट चालवणाऱ्या बाईंनी लगेच नियम दाखवला: दान ज्याचं, मोजणीही त्याचीच. सोनेरी बदाम काढून घेतला गेला. मार्नी पुन्हा नव्याण्णववर आली. स्टेफानियांच्या तिथल्या तिथं उघडलेल्या नव्या खात्यावर एक दान आणि तीनशे दहा लाल बदाम.

चांदणी कधीच उगवली होती. मेणबत्ती लावायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा, आणि त्याआधी कुणी घास घ्यायचा नाही. अकरा पदार्थ थंड होत होते. पाहुणे ताटांकडे बघत होते.

“आई, मेणबत्ती,” टेड हळूच म्हणाला.

“लावते रे,” त्या फोनवरून नजर न काढता म्हणाल्या. “आधी या ग्वेनला उत्तर देऊ दे. आणि मार्नी, उद्या पीठ आण. त्या गाडीवरच्या पोरांना पुन्हा पेरोगी पाठवायच्यात.”