ऐंशीला थांबणारे लिमयेसाहेब

लिमयेसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी लॅपटॉपचा ताप बघायचे. अगदी आई पोराचा बघते तसा. उलट्या हाताची बोटं लॅपटॉपच्या पोटाखाली सरकवायची, डोळे मिटायचे, जरा थांबायचं आणि गंभीर आवाजात म्हणायचं, "कसकस आहे." यजमान चहाचा ट्रे धरून उभा. ताप जास्त असला तर मान हलवून, "पंखा गुदमरलाय हो ह्याचा. माती खाल्लीय." आणि मग घरच्या बाईकडेच दाढीचा जुना ब्रश मागायचे! बाई नवऱ्याकडे बघायची, नवरा छताकडे.

आता मी ओमानमध्ये सलालाहला मुलाकडे असतो. इथला उन्हाळा म्हणजे धुकं आणि भुरभूर पाऊस. लॅपटॉपच काय, माणूससुद्धा तापत नाही. तरी सुनेचा लॅपटॉप टेबलावर दिसला की माझी बोटं आपोआप त्याच्याखाली जातात. सून विचारते, "अब्बा, काय शोधताय?" तिला काय सांगू? लिमयेसाहेब लावून गेले ती सवय, दुसरं काय!

तेव्हा माझं ओमानमधल्याच सहम गावात स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान होतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खजुराच्या बागा, मधल्या रस्त्यावर आम्ही दुकानदार. मी इक्बाल, दापोलीचा. लिमयेसाहेब गुहागरचे, पुण्यात शिकलेले आणि इथे समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर इंजिनियर. माझ्या दुकानामागच्या इमारतीत एकटेच राहायचे. लग्न का नाही केलंत, असं माझ्या बायकोनं, जुलेखानं, एकदा तोंडावरच विचारलं. म्हणाले, "राहून गेलं." जसं काही बाजारातून कोथिंबीर आणायची राहून गेली!

ओळख झाली ती माझ्या दुकानातल्या लॅपटॉपमुळे. भर जुलैत तो दर थोड्या वेळानं पटकन बंद पडायचा. गिऱ्हाइकाचा व्हिसाचा फॉर्म अर्धा छापलेला, उरलेला अर्धा अल्लाच्या भरवशावर. लिमयेसाहेब झेरॉक्स काढायला आले होते. बोलणं नाही चालणं नाही, सरळ बोटं खाली घातली. माझे अर्बाब, म्हणजे ज्यांच्या नावावर दुकानाचा परवाना होता ते ओमानी गृहस्थ, शेजारी कॉफी पीत बसले होते. त्यांनी काळजीनं विचारलं, "मरीद?" म्हणजे आजारी आहे का.

"मरीद, अर्बाब. फार मरीद," लिमयेसाहेब म्हणाले आणि खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. हा माणूस स्क्रू ड्रायव्हर पेनासारखा खिशाला लावून हिंडायचा.

पंख्यातून उशीतल्या कापसासारखा धुळीचा लगदा निघाला. आतल्या मुख्य चिपवरचं मलम वाळून खडू झालं होतं. ते खरवडून त्यांनी नवीन लावलं. मी म्हटलं, "जरा सढळ हातानं लावा की." तर डोळे वटारले. "भाताच्या शिताएवढं! जास्त लावलंत तर त्याचं पांघरूण होतं." मग किल्ल्यांच्या जुडग्यातला पेनड्राइव्ह लावून त्यांनी माझ्या लॅपटॉपवर लिनक्स चढवलं. "फुकट आहे, शहाणं आहे आणि न विचारता बंद होत नाही. ती तुमची आधीची सिस्टीम, मध्येच वाटेल तेव्हा अपडेट घ्यायला बसते. काळ वेळ काही आहे की नाही?" एका कोपऱ्यात काळी खिडकी उघडून दिली, तिच्यात तापमानाचे आकडे खालीवर होत राहायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं मी बँक लुटतोय.

पण खरा त्यांचा मंत्र वेगळाच. ऐंशीला थांबायचं. लॅपटॉप सतत वायरला लावलेला असेल तर बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या वर भरू द्यायची नाही, पूर्ण भरून तापत ठेवली की ती फुगते, असं त्यांचं म्हणणं. लिनक्समध्ये तसा बंदोबस्त करता येतो म्हणे, आणि तो त्यांनी माझ्याही लॅपटॉपवर केला. तिथवर ठीक. पण हा माणूस सगळ्याच गोष्टीत ऐंशीला थांबायचा! पेट्रोल पंपावर टाकी भरत आली की हात आडवा. चहाच्या ग्लासात शेवटचे दोन घोट उरलेले. पाणी देणार तेही ग्लास वरून चांगला दोन बोटं रिकामा ठेवून. भांडतानासुद्धा आवाज एका पट्टीपर्यंत चढायचा, मग "ऐंशी झाले, इक्बालशेठ" म्हणून गप्प.

ईदला जुलेखानं त्यांच्यासाठी मुद्दाम वेगळी भाज्यांची बिर्याणी केली. त्यांनी मन लावून खाल्ली आणि ताटात थोडी ठेवून हात धुतले. "वा! ऐंशीला थांबलो." जुलेखाचा चेहरा पडला. ते गेल्यावर मला म्हणाली, "ह्या बामणाला आपलं खाणं आवडलं नाय." मी तिला बॅटरीचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. म्हणाली, "तुमी दोघंव सारखंच."

त्यांच्या घरी गेलं की मला मात्र दोन गोष्टी खटकायच्या. एक, त्यांचा स्वतःचा लॅपटॉप. जुना, जाडजूड, विटेएवढा. खाली मोदकपात्रातली भोकांची चाळणी, हवा खेळावी म्हणून. मी म्हटलं, "मग मोदक कशात उकडता?" म्हणाले, "एकट्यासाठी कोण उकडतो?" आम्हाला सांगायचे, काम झालं की झाकण लावा, झोपू द्या बिचाऱ्याला. आणि ह्यांचा सकाळी गेलो तरी चालू, संध्याकाळी गेलो तरी चालू, साहेब ड्यूटीवर असले तरी आत पंख्याची घरघर. एकदा विचारलंच. "त्याची झोप मी काढून टाकलीय," असं म्हणून विषय बदलला. नवीन का घेत नाही म्हटलं, तर, "घेतला होता. पातळ, देखणा. एका उन्हाळ्यात पोट फुगलं त्याचं. त्यानंतरच तर ऐंशी शिकलो." चिकट माणूस, असं आम्ही नवराबायकोनं ठरवून टाकलं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची खुर्ची. लॅपटॉपसमोर लाकडी खुर्ची, तिच्या पाठीवर त्यांचा निळा शर्ट लटकवलेला. मी तिच्यावर टेकायला गेलो की हे किंचाळायचे, "तिथे नको! तिथे नको! इकडे कॉटवर बसा." दर वेळी. खरं सांगतो, मला ते लागायचं. मनात यायचं, सोवळंबिवळं आहे की काय? माझ्या घरी जेवतो आणि माझं बूड ह्याच्या खुर्चीला चालत नाही?

मग जूनमधला तो शुक्रवार आला.

जुम्याची नमाज पढून आलो होतो, दुकान बंद, आम्ही मागच्या खोलीत जेवायला बसणार, एवढ्यात शटरवर धडाधड. उघडतो तर लिमयेसाहेब. बनियन, लुंगी, पायात चप्पल नाही, आणि दोन्ही हातांवर उघडा लॅपटॉप, गरम पातेलं धरावं तसा. "आमच्या इमारतीची वीज गेलीय. बॅटरी संपत आलीय. वीज द्या, इक्बालशेठ, वीज द्या!" आमच्या लाईनला वीज होती. त्यांनी लॅपटॉप काउंटरवर ठेवला, पडदा भिंतीकडे. आणि मग लक्षात आलं की चार्जर घरीच राहिला. "हलवू नका. आलोच," म्हणून त्या तापलेल्या डांबरावरून अनवाणी पळाले.

मी बोटं घातली आणि झटक्यात काढली. कोळसा! पंखा तर नुसता रडत होता. माझा जीव कळवळला. इतके दिवस ह्या माणसानं शिकवलं ते काय उगाच? ताप चढला तर काय करायचं? झाकण लावायचं, झोपू द्यायचं. मी हलकेच झाकण लावलं, लॅपटॉप कागदांच्या जाळीच्या ट्रेवर ठेवला, एसीचा झोत त्याच्यावर सोडला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

लिमयेसाहेब चार्जर घेऊन धापा टाकत आले, काउंटरकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"झाकण कुणी लावलं?"

"मी. तुम्हीच सांगता ना, की..."

त्यांनी झाकण उघडलं, वायर लावली. पहिल्यांदाच तो पडदा माझ्या समोर आला. एक पडवी दिसत होती. लाल कोबा, कडेला रचलेल्या नारळाच्या सोडणांचा ढीग, एक रिकामी आरामखुर्ची, मागे धो धो पाऊस.

"आई!" लिमयेसाहेब ओरडले. "अगं आई, इथेच आहे मी! आई!" ऐंशीबिंशी काही नाही. सगळ्या दुकानात आवाज घुमला. जुलेखा आतून धावत आली.

पलीकडून एका बाईचा आवाज आला, "दादा, आजी फाटकाकडं गेल्या! आणते, आणते!"

ती शेवंता, आईंना सांभाळणारी. ती परत येईपर्यंत लिमयेसाहेब काउंटरची कड धरून उभे होते आणि तुटक तुटक बोलत होते. आईचं आता डोकं चालत नाही. काही लक्षात राहत नाही. मी परदेशी आहे हे तर पार पुसलं गेलंय. तिला वाटतं मी घरातच, आतल्या खोलीत. खुर्ची दिसली, शर्ट दिसला की तिला पुरतं. 'आत्ता होता इथे, येईल,' असं शेवंताला सांगते आणि स्वस्थ बसते. पडदा काळा झाला की उठते आणि मला शोधायला निघते. मागे एकदा पार विहिरीपर्यंत गेली होती.

"फोनवरचे नेहमीचे व्हिडिओ कॉल इथे लागत नाहीत ना," ते म्हणाले. "ऑफिसच्या मीटिंगचं तेवढं लागतं. तीच मीटिंग सकाळपासून लावून ठेवतो. हजर दोघंच." आणि हसायला गेले, पण जमलं नाही.

मला एकदम सगळं उमगलं. तो मीटिंगचा व्हिडिओ दिवसभर चिपच्या डोक्यावर नाचायचा, म्हणून ती तापायची. ब्रश, मलम, चाळणी, सगळा खटाटोप त्या पडवीसाठी. आणि मी शहाण्यानं झाकण लावलं होतं! या अल्ला, त्या म्हातारीला काही झालं तर? पलीकडे पाऊस कोसळत होता आणि खुर्ची रिकामीच. जुलेखानं पदर तोंडाला लावला. आम्ही तिघंही त्या खुर्चीकडे बघत उभे.

शेवटी शेवंता आली. दंडाला धरून आणलेली छोटीशी आजी, डोक्यावरचा पदर भिजलेला.

"कुठे होतास रे बाळ्या? सगळा काळोख केलास."

"इथेच होतो, आई. दिवा गेला होता."

आजींनी डोळे बारीक केले. "हा कोण?"

मी पुढे झालो. "सलाम, आजी. मी इक्बाल. दापोलीचा."

"दापोलीत कुणाचा?"

"मुकादमांचा. हर्णैच्या रस्त्याला आमचं घर."

"अगो बाई, लांबून आलास. आणि बाळ्या, तू उभा काय राहिलास? उन्हातून आलंय पोर. गूळपाणी दे त्याला."

समोर पाऊस पडत होता आणि ह्यांना माझं ऊन दिसलं! लिमयेसाहेब निमूटपणे माझ्याच दुकानातल्या कूलरकडे गेले आणि माझ्याच ग्लासात मला पाणी आणलं. सवयीनं वरून दोन बोटं कमी.

"भरून दे रे!" आजी कडाडल्या. "पाहुण्याला कुणी अर्धवट देतं?"

साहेब परत गेले आणि काठोकाठ भरून आणलं. गूळ नव्हता. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला खजूर होता, तो पुढे केला. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. माझी अम्मी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मला पोर म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि पोरासारखा पाणी प्यायलो.

त्यानंतर साहेबांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे आली. ते ड्यूटीवर असले की जुलेखा जाऊन लॅपटॉपचा ताप बघून यायची. ताप बघायला जायची आणि तासभर आजींशी सांदणाच्या रव्यावरून वाद घालून यायची. आजी तिला शेजारची कुणी समजायच्या. जुलेखा कॉटवर बसायची, खुर्चीवर कधी नाही. पुढच्या श्रावणात आजी झोपेतच गेल्या. लिमयेसाहेब गुहागरला गेले आणि सगळं आटोपून परत आले.

आल्याचं कळलं तसा मी दुपारीच भेटायला गेलो. लॅपटॉप चाळणीवर तसाच, पडदा काळा, पंखा गप्प. मी बोटं खाली घातली. गार होता.

"ताप उतरला," माझ्या तोंडून निघून गेलं.

"उतरला," ते म्हणाले. "झोप परत चालू केलीय त्याची. आता झोपतो."

मी नेहमीप्रमाणे कॉटकडे वळलो. "तिथे नको, इक्बालशेठ," ते म्हणाले. त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा शर्ट उचलला, घडी घातली आणि खुर्ची माझ्यासाठी ओढली. "इथे बसा." मी बसलो. ते आत गेले आणि बशीत गुळाचा खडा आणि पाण्याचा ग्लास घेऊन आले. ग्लास इतका भरला होता की चालताना पाणी त्यांच्या हातावर सांडत होतं.

"गूळ घरचाच आहे, येताना आणला," ते म्हणाले. "उन्हातून आलात. घ्या."

मी खडा तोंडात टाकला आणि ग्लास तळापर्यंत रिकामा केला.