बोंद्रेकाकांची गर्दी

बोंद्रेकाकांना रिकामी खुर्ची सहन होत नाही. माझ्या बहिणीच्या लग्नाला काटोलात अर्धा मंडप रिकामा होता. काका हातातल्या अक्षता खिशात टाकून उठले आणि वऱ्हाडी मंडळींना हलवू लागले. "काकाजी, तुमी थोडं इकडं सरका. ताई, तुमी मागं बसा वं." व्हिडिओवाला चाट पडला, कारण त्याच्या कॅमेऱ्यात मंडप खचाखच भरला होता. नवरदेवाचा मामा मात्र खांबामागे गेला. तो अजून आमच्याशी बोलत नाही.

काकांचा काय दोष! गर्दी करणं हाच त्यांचा धंदा. आयटी पार्कजवळच्या आमच्या कंपनीत आम्ही सिनेमांचे इफेक्ट्स करतो. मुंबईहून फुटेज येतं, त्यात मैदान रिकामं, दरबार रिकामा, मध्ये एकटा हीरो. तिथे काका माणसं बसवतात. आधी ओळखीपाळखीच्या लोकांना हिरव्या पडद्यासमोर चालवायचं, टाळ्या वाजवायला लावायचं. कॉम्प्युटर हिरवं तेवढं पुसतो, माणूस उरतो. मग तो हव्या त्या सिनेमात नेऊन ठेवायचा. चहावाला, वॉचमन, माझे सासरे, सगळे कधी ना कधी काकांच्या लढाईत मेलेले आहेत.

आता आमची पोरं बटण दाबतात आणि हजारो माणसं आपोआप उगवतात. काका तोंड वाकडं करतात. "हे गर्दी नाही गा, हे गवत हाय." मग खुर्ची ओढून बसतात. कोणाला जांभई देतात, एखाद्या बाईच्या कडेवरचं लेकरू या कडेवरून त्या कडेवर घेतात. हळूहळू सगळं मैदान श्वास घ्यायला लागतं. त्यांच्या मागे उभं राहून मी हे कितीदा पाहिलंय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

मध्यंतरी एका राज्याभिषेकाच्या शॉटवर मुंबईहून शेरा आला. डावीकडे तिसऱ्या ओळीत हिरव्या साडीतल्या बाईच्या हातात घड्याळ आहे, बाई काढून टाका. शॉट तपासला होता मी, म्हणजे अब्रू माझीच गेली. मोठा करून बघितला. महाराजांच्या दरबारात खरंच मनगटी घड्याळ! आणि बाई ओळखीची वाटली. जुने शॉट उघडले. क्रिकेटच्या मैदानात हीच, परदेशी विमानतळावर हीच, समुद्रकाठच्या जत्रेतही हीच.

"काका, ही कोण?"

"शोभा. आमच्या घरची."

शोभाकाकू मी नोकरीला लागण्याआधीच गेल्या होत्या. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"तिले म्हटलं होतं, हिरवं घालू नको. तरी ठेवणीतली हिरवीच नेसून आली. कॉम्प्युटरनं साडी पुसली ना गा! नुसतं डोकं अन् हातपाय चालून राहिले." काका खुदकन हसले. "मंग मी हातानं कापून काढली तिले, एकेक फ्रेम. पदर हालते ना, थो लय छळते."

"पण दर सिनेमात काहून?"

"फिराची लय हौस होती तिले. मी म्हणो, एवढा शॉट होऊ दे, मंग जाऊ. शॉट काही सरले नाही. आता नेतो." ते स्क्रीनकडेच बघत होते. "घड्याळ काढतो मी. तिले नको काढू गा."

मी मुंबईला फोन लावला आणि ठणकावून सांगितलं की घड्याळ जाईल, बाई राहील. ती काढली तर गर्दीला भोक पडेल. बरीच हुज्जत झाली. शेवटी मानले.

सिनेमा लागला, तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. राज्याभिषेक आला. अख्खं थिएटर राजाकडे बघत होतं, मी डावीकडे तिसरी ओळ शोधली. शोभाकाकू ऐटीत बसल्या होत्या, मनगट मोकळं. आणि त्या तुडुंब दरबारात त्यांच्या शेजारची एक जागा रिकामी होती. दुरुस्त झालेला शॉट मी घड्याळापुरताच तपासला होता.

मी वळून काकांकडे बघितलं.

"राहू दे गा," ते हळूच म्हणाले. "ते माही हाय."