वरचं की खालचं?

"नाना, माझ्या हातून भयंकर काहीतरी झालंय." अजेय देवघराच्या दारात उभा होता.

"घाबरतोस काय एवढा? काय झालं?" त्याच्या वडिलांनी विचारलं.

"मधुवंतीच्या लॅपटॉपला."

नानांनी हातातलं जास्वंदीचं फूल खाली ठेवलं. सुनेचं नाव आल्यावर त्यांनाही घाबरणं रास्त वाटलं.

मधुवंती श्रीवर्धनच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या वर्गातल्या मुलांनी वर्षभर वाडीत खपून सुपारीवर फिल्म केली होती. ती उद्या अलिबागच्या प्रदर्शनात दाखवायची होती आणि होती फक्त याच लॅपटॉपात. लॅपटॉप फार रखडतो म्हणून अजेयने बायकोला न विचारता विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी, हलकी प्रणाली घातली. घालताना मध्येच एक लांबलचक प्रश्न आला. तो न वाचताच त्याने 'हो' दाबलं. आता लॅपटॉप सुरू केला की दोन नावं येत होती, वर लिनक्स आणि खाली विंडोज. फिल्म खालच्यात. म्हणजे, उरली असेल तर.

"मग खालचं दाब की!"

"आणि उघडलंच नाही तर? आत्ता निदान आशा तरी आहे, नाना!"

हे नानांना पटलं. घरात काही अडलं की कौल लावायची रीतच होती. "लॅपटॉप देवापुढे ठेव. मूर्तीला ओली पाकळी लावतो. उजवीकडे पडली तर वरचं, डावीकडे पडली तर खालचं."

एरवी अजेय हसला असता. आज तो मुकाट्याने पाय धुऊन आला.

पाकळी लागली, लॅपटॉप सुरू झाला. पण नावांखाली एक आकडा भराभर उतरत होता.

"नाना, लवकर! वेळ संपतोय!"

"देवाला घाई करू नये रे."

आकडा संपला आणि वरचं आपोआप उघडलं. त्यात फिल्म नव्हती. पाकळी मूर्तीलाच चिकटून होती, म्हणून अजेयने लॅपटॉप पुन्हा सुरू केला. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा सुरू करणार, तोच बेड्याशी, फाटकाबाहेर, स्कूटर थांबली.

"माझा लॅपटॉप देवघरात काय करतोय?"

अजेयने एका दमात सगळं सांगून टाकलं. मधुवंतीने लॅपटॉप पुन्हा सुरू करून खालचं दाबलं. पडदा काळा झाला. काळाच राहिला. अजेयने चौकट घट्ट धरली, नानांनी डोळे मिटले.

मग वाडीतल्या पोरांचा कलकलाट ऐकू आला. विंडोज उघडलं होतं आणि मधुवंतीने फिल्म लावली होती.

अजेयने चौकट सोडली.

"ते वरचं आत्ताच्या आत्ता काढून टाक," मधुवंती म्हणाली.

"काढतो, लगेच काढतो!"

इतक्यात पाकळी पडली. उजवीकडे.

नानांनी हात जोडले. "वरचं राहणार."

मधुवंती विज्ञानाची शिक्षिका खरी, पण कौल मोडायची तिचीही छाती नव्हती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "ठीक आहे, राहू दे. पण रोज आकडा संपायच्या आत खालचं दाबायचं काम तुझं."

तेव्हापासून सकाळी "अजेय!" अशी हाक आली की तो अर्धी दाढी तशीच ठेवून धावत सुटतो. खालचं आपोआप उघडेल अशी सोय करता येते, हे त्याला मागाहून कळलं. पण त्यासाठी पुन्हा एकदा 'हो' दाबावं लागतं म्हणे.