दत्तूचं तमिळ

यंदा सासूबाईंशी आपणच तमिळमध्ये बोलायचं, असं दत्तूने ठरवलं. (बिचाऱ्याला अवदसा आठवली.)

दत्तू शिवडीचा कोळी, बायको शांती तिरुनेलवेलीकडची, संसार परळला. सासूबाई मे महिन्यात राहायला येत आणि त्या असेपर्यंत घरात मासा शिजत नसे. जावयाला तमिळ येईना, सासूला मराठी कळेना, आणि शांती दिवसभर ऑफिसात. सगळी भिस्त पंधरा वर्षांच्या कीर्तीवर. ही पोरगी एका दमात आजीशी तमिळ, बापाशी मराठी आणि फोनवर मैत्रिणीशी इंग्रजी बोलायची. तिन्हीकडे एकच गोष्ट सांगत असेल, असं बापाला आपलं वाटायचं.

"कीर्ते, अम्मम्माला सांग, बोंबलाशिवाय माझा जीव जातोय. एक दिवस तळू दे."

कीर्तीने सांगितलं. सासूबाई हसल्या आणि त्यांनी त्याच्या पानात आणखी सांबार ओतलं.

"काय म्हणाली?"

"बघू म्हणाली."

असं रोज चाललं. दत्तू मासे मागे, सांबार वाढे आणि खूश झालेल्या सासूबाई नातीला हिंदमाताच्या कापडबाजारात नेऊन ड्रेस घेऊन देत. दत्तूला संशय आला. मोबाईल घेऊन बाथरूममध्ये बसून त्याने तमिळ घोटलं आणि रविवारी भर पंगतीत म्हणाला, "एनक्कु मीन साप्पिडणुम्." म्हणजे, मला मासे खायचेत.

सासूबाईंनी नातीकडे पाहिलं. कीर्तीने बापाच्या तमिळचं तमिळमध्ये भाषांतर केलं. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले.

दत्तू हादरला. "काय सांगितलंस गं?"

"पप्पा, चिल. म्हटलं, मोबाईलवरचं तमिळ आहे, उलटसुलट होतं. पप्पांना खाल्लेल्या माशांचा पश्चात्ताप झालाय, आता पाळायचेत."

"अगं पण का?"

"इतके दिवस मी सांगत होते, तुझ्या सांबारापुढे पप्पांना मासे आठवत पण नाहीत. आज एकदम बदललं तर माझी वाट लागली असती ना. अजून एक ड्रेस बाकी आहे."

दत्तूने आशेने शांतीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आजी-नातीच्या मध्ये मी पडत नाही."

संध्याकाळी काचेची टाकी घरी आली. ज्याची आई बाजारात पापलेट विकते, त्याच्या हॉलमध्ये सोनेरी मासे पोहू लागले. दत्तू सांबारभात घेऊन टाकीसमोर बसला आणि बघत राहिला. सासूबाई कीर्तीच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच दत्तूला तमिळचा शब्द न् शब्द कळला:

"जावयाची नजर काही बरी दिसत नाही. टाकीवर झाकण ठेव."