धुऱ्यावरचे मामाजी

अख्ख्या रिठदमध्ये माझ्यासारखं बुजगावणं कोणी बांधत नाही! हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे हे सांगायला मला तोंड राहणार नाही.

बांधलं कशासाठी? जऊळक्यासाठी. जऊळका माझं माहेर. आगगाडीचं गाव! तिथे धाकट्या बहिणीच्या पहिल्या मुलाचं बारसं, आणि इथे आमची ज्वारी नेमकी दाण्यात आलेली. वर भोरड्यांचे थवे. एक थवा उतरला की कणसं साफ, जशी जावयांची पंगत उठून गेली! राखण माझ्याकडे. घरधनी कापसाची बैलबंडी घेऊन, सरकी काढायला वाशीमच्या जिनावर गेलेले. सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी नुसतं मामाजींच्या पागोट्याकडे बोट केलं.

आता मामाजींना विचारणार कोण?

मामाजी म्हणजे माझे सासरे, दौलतराव. सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सासूबाई बोलत, पण पदराआडून, आणि तेही मीठ हवं का, एवढंच. मामाजी स्वतः तर त्याहून कमी. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काठी टेकून उभे राहायचे. वाटेने बाया आल्या की बायांनी वहाणा हातात घ्यायच्या, पदर नाकापर्यंत ओढायचा, नजर मातीत घालायची आणि थांबायचं. मग मामाजी खाकरत. खाकरले की जायचं. नाही खाकरले तर उभं राहायचं!

(हे खाकरणं लक्षात ठेवा. मी विसरले होते.)

आता कृती. तुराट्यांचा सांगाडा. त्यात कडबा. वर मडकं. भोरड्या घाबरायला हव्यात, म्हणून गावात सगळ्यात जास्त ज्यांना घाबरतात त्यांचेच कपडे! पेटीतलं जुनं पागोटं, जुनी बाराबंदी, धोतर. हातात काठी. मिशीला म्हशीच्या शेपटीचे केस. डोळे चुन्याने असे वटारले की माझंच काळीज हललं! भोरड्या हटल्या की राखण सुटली, राखण सुटली की मी सुटले. मामाजी त्या दिवशी अंधारातच, सासूबाईंनाही न सांगता, रिसोडच्या बाजाराला गेलेले; जाताना मी तेवढं पाहिलं. उजाडताच त्यांना, म्हणजे त्यांच्या त्या दुसऱ्यांना, धुऱ्यावर रोवलं आणि घरी येऊन बारशाची झबली शिवत बसले. गाणं म्हणत!

दुपारी शेतात गेले.

भोरड्या नव्हत्या. एकही नाही! पण वाटेवर बायांची रांग. कापूस वेचायला निघालेल्या सगळ्या बाया, वहाणा हातात, नाकापर्यंत पदर, जशा मातीत रोवलेल्या! सगळ्यात पुढे भुरीबाई.

"भुरीबाई, वेचणीले काहून नाही गेल्या?"

ती पदरातून कुजबुजली, "मालक उभे हायेत. सकायपासून खाकरलेच नाहीत."

देवा! एवढी मेहनत मी त्या चेहऱ्यावर केली आणि चेहऱ्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं!

खरं सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. सासऱ्याला कडब्याचा केला, हे बायांना कळलं की संध्याकाळपर्यंत पार किन्हीराजा गावापर्यंत पोचणार. मग कसलं जऊळका! तेव्हा दुसरी युक्ती. ज्वारीतून मागून जायचं, बुजगावणं हळूच उपटायचं आणि आत ओढायचं. बायांना वाटेल, मालक गेले. सोपं!

रांगत गेले. तुराटी धरली. ओढली.

मामाजी डुलले.

वाटेवरून भुरीबाईचा आवाज आला, "अवं माय, मालकाले भोवळ आली."

गोमतीबाई म्हणाली, भोवळ कसली, घेतली असंल. भुरीबाईने तिला गप्प केलं, आमचे मालक तसले नाहीत म्हणाली. मग दोघींचं जुंपलं, तेही पदराआडून, मातीकडे बघत! इकडे माझी गत अशी की बुडातली माती सुटली होती. सोडलं तर मामाजी पालथे, ओढलं तर बायांसमोर ओढाताण. म्हणून मी बसूनच दोन्ही हातांनी मामाजींना उभं धरलं. जन्मात कधी सासऱ्याला हात लावला नव्हता. त्या दिवशी कंबर धरून बसले!

आणि तेवढ्यात भाकरीची टोपली घेऊन सासूबाई.

प्रयागबाई माझी सासू. त्यांना तसंही हातभर पलीकडचं धुकं, त्यात पदर. मालक सकाळपासून उपाशी उभे आहेत, कोणाला जाऊ देत नाहीत, हे बायांनी त्यांना सांगितलं. त्यांनी टोपली खाली ठेवली. मग म्हणाल्या,

"रुसले का जी?"

मामाजी गप्प.

"काल कढी खारट झालती म्हून? खारटच होती. पन तुमी ते बोलून दाखवावं ना. इतक्या वर्सात तुमी मले कदी बरं म्हनलं नाही अन् वाईटबी म्हनलं नाही. भिताडासंगं संसार केला मी."

मामाजी गप्प. अन् बाई सुटल्या! लग्नातल्या चोळखणापासून सुरुवात झाली. आईच्या आजारपणात धाडलं नाही, ते निघालं. दिवाळीला भाऊ न्यायला आला आणि रिकामा परत गेला, ते निघालं. सगळ्या बाया पदराआड डोळे पुसू लागल्या. मी मागे बसून रडत होते, पण हात सोडता येईना!

"मले माहेर दिसू देलं नाही, ते जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पन ह्या रुख्मीले जाऊ द्या. तिच्या बहिनीच्या लेकराचं बारसं हाये. हो म्हना, नाहीतर मी ही टोपली इथून उचलत नाही."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं?

मी मामाजींची मान हलवली. हो!

पुन्हा हलवली. जोरात! हो, हो, हो!

तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं.

ते खाकरणं मी हजारात ओळखलं असतं. बायांनीही ओळखलं. पुढे मालक, मागे मालक! पदर कोणत्या बाजूला घ्यायचा? अर्ध्या इकडे वळल्या, अर्ध्या तिकडे, भुरीबाई तर गोल फिरली! माझे हात आपोआप पदराकडे गेले, आणि मामाजी सुटले. पागोट्यासकट आडवे. थेट सासूबाईंच्या पायांवर!

मडकं फुटलं. एक चुन्याचा डोळा आभाळाकडे वटारून राहिला.

खरे मामाजी बाजाराची पिशवी घेऊन पुढे आले. किती ऐकलं होतं, कोण जाणे. त्यांनी पागोटं उचललं, झटकलं, काखेत धरलं. मला वाटलं, झालं, आता माहेरीच पाठवतात, पण कायमचं!

"त्यानं मान हलवली का?" त्यांनी विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "हलवली."

"मंग जाऊ दे तिले. माह्या पागोट्यानं शब्द देला हाये." आणि मातीकडे बघत, "राखनीचं मी पायतो. अन् कढी बरी होती."

गेले! आगगाडीत बसून गेले, बारसं केलं, पोराला मांडीवर घेऊन नाचवलं, आणि बुजगावण्याची गोष्ट सांगून सगळं जऊळका हसवलं. मामाजींच्या चालण्याची नक्कलसुद्धा केली. माहेरी कोण बघतं!

परत आले तेव्हा बंडी शेतावरूनच आली. पाहते तर धुऱ्यावर बुजगावणं! तेच जुनं पागोटं, तीच काठी. माझ्या मागे कोणीतरी पुन्हा बांधलं होतं, पण काय ते बांधणं! खांदा उतरलेला, पागोटं कानावर. माझ्यासारखा हात नाही कोणाचा. बंडीतून उतरले, ताडताड मागून गेले, पागोटं दोन्ही हातांनी सरळ केलं, पाठीत एक चापट घातली आणि म्हटलं,

"सरळ उभं राह्य, मुडद्या."

ते खाकरलं.

तेव्हापासून मी कोणत्याही शेतातलं बुजगावणं दिसलं की आधी वहाणा हातात घेते.