मागच्या दारची हाक

आमच्या आत्याबाई दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी विचारत, “लोक काय म्हणतात ते राहू दे. तुम्ही स्वतःला काय म्हणता?” भिक्षुकाला विचारत, कासाराला विचारत. लग्न होऊन मी कल्याणला आले, तेव्हा मलाही विचारलं. मी इतकी लाजाळू, की नाव सांगायचं सोडून दोनदा नमस्कार केला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची विधवा बहीण.

मागच्या दारी डोंगराकडची माणसं लाकडाच्या मोळ्या घेऊन येत. मामंजी कचेरीत कारकून. ते त्यांना कातकरी म्हणत आणि त्यांच्या बोलीला काथोडी. आत्याबाई म्हणत, “मला तर सगळं समजतं. मग वेगळी भाषा कशी झाली?” एकदा मी धीर करून म्हणाले, “माझ्या शाळेच्या पुस्तकात त्या माणसांनाच काथोडी म्हटलंय.” चार इयत्तांचं माझं पांडित्य घरात पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं.

“पुस्तकवाल्याने त्यांना विचारलं होतं का?” आत्याबाई म्हणाल्या. पांडित्य मुकाट्याने आत गेलं.

शेवटी त्यांनी मोळीवाल्या बुधीलाच गाठलं. “तुम्ही स्वतःला काय म्हणता गं?”

बुधीने मोळी टाकली. “आमी? आमी नावानं हाका मारतो. घरात कोन जात लावून हाक मारतं, आजी?”

“मग कातकरी?”

“कात उकळायचो म्हनून लोक म्हनायचे. आता रानात कात उकळू देत नाहीत. कात गेला, नाव ऱ्हायलं.”

त्या हसतील असं मला वाटलं. त्या पायरीवर बसल्या.

“माझंही तसंच. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात राधा लिहिलं. त्या नावाने हाक मारायला तो राहिला नाही. मग मी सगळ्यांची आत्याबाई झाले.”

“त्याच्या आदी काय व्हतीस?”

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने सूप घेऊन पाखडू लागले. सूप रिकामं होतं.

“ठकी,” त्या हळूच म्हणाल्या.

तेव्हापासून मागच्या दारी हाक येई, “ठके, मोळी आनलीय.” आत्याबाई प्रत्येक मोळी घेत. पडवीतलं सरपण आढ्याला टेकलं.

“सूनबाई, एवढी लाकडं कशाला?” मामंजींनी विचारलं.

मला ठाऊक होतं. पण मी म्हणाले, “पावसाळा येतोय ना.”

दिवाळी नुकतीच झाली होती. मामंजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तेवढ्यात मागून हाक आली आणि आत्याबाई वाती वळायच्या टाकून उठल्या.